दहा बाय आठ

घर किती मोठं बांधावं, हे लोक मेहुण्याला विचारतात, नाहीतर शेजाऱ्याचं पाहून दोन फूट वाढवतात. मला त्याचं हसू येतं. मी एकवीस वर्षं सरकारी धान्य गोदामात किपर होतो. रिकाम्या गोदामाच्या दारात उभा राहून आत किती पोती बसतील ते मी सांगायचो, आणि माझं सांगणं सहसा चुकलं नाही. तेव्हा घराचं माप मी कुणाला विचारणार होतो?

गोदामाची रीत अशी, की माल यायच्या आधी जमिनीवर पांढऱ्या रंगाने चौकटी आखायच्या. एका चौकटीत पोत्यांची एक थप्पी. पोतं चौकटीबाहेर एक बोट जरी आलं तरी हमालाची खैर नसे. मला सगळे तुसडा म्हणत. म्हणोत. माझ्या गोदामात उंदीर नव्हते.

सन त्र्याहत्तरमध्ये मी सक्करदऱ्याकडे तीस बाय पन्नासचा प्लॉट घेतला. तोवर अठरा वर्षं आम्ही महाल नावाच्या जुन्या वस्तीत भाड्याच्या दोन खोल्यांत काढली होती. घरात मी, माझी बायको देवकी, नुकताच नोकरीला लागलेला ओमप्रकाश आणि कॉलेजात जाणारा धाकटा. मुलगी गोपिका सगळ्यांत मोठी, तिचं लग्न होऊन ती कळमेश्वरला गेलेली. मी हिशेब मांडला तो पुढचा. दोघा पोरांची लग्नं होणार, सुना येणार, नातवंडं होणार. वाढत्या घराचं माप वाढ झाल्यावर घेऊन उपयोग नाही. म्हणून पोरांना दोन खोल्या, आम्हाला एक, स्वयंपाकघर, आणि बैठक.

बैठक मात्र मी अठरा बाय दहाची धरली होती. ती माझी हौस होती आणि मी ती लपवत नाही. महालात आमचे साहेब एकदा घरी आले, तेव्हा त्यांना गव्हाच्या कोठीवर बसवावं लागलं होतं. बिचारे चहा संपेपर्यंत हलले नाहीत, कोठीचं झाकण वाजेल म्हणून. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात ती बैठक होती. दोन खिडक्या रस्त्याकडे, चार खुर्च्या, एक दिवाण. बाकीचं घर तिच्याभोवती मी नंतर बसवलं.

याहून मोठं घर होणार नव्हतं. तेव्हा सिमेंट परमिटवर मिळायचं, आणि माझ्या परमिटात एवढंच बसत होतं.

दिवाळी झाली आणि देवाजी मिस्त्री आखणीला आला. दोरी ताणून त्याने चुन्याची फक्की टाकली. आखलेलं घर पाहून ओमप्रकाशचं तोंड उतरलं. देवाजी म्हणाला, "आखणीत समद्याईले लहानच दिसते. भिंती उभ्या होऊ द्या, मंग पाहा." त्याला हे प्रत्येक प्लॉटवर सांगावं लागत असणार.

दुपारी देवकी डबा घेऊन आली. रेषा ओलांडू नये म्हणून ती दारातूनच आत शिरली, म्हणजे जिथे दार होणार होतं तिथून. एकेका खोलीत जाऊन उभी राहिली. मग बैठकीत येऊन तिने डबा खाली ठेवला.

"अन् गोपिका?" ती म्हणाली.

"गोपिकाचं काय?"

"ते कुठं राहीन?"

"गोपिकाचं घर कळमेश्वरले हाये. मी पोराईचं मोजून राहिलो."

"तिले दुसरा महिना लागला," देवकी म्हणाली. "पहिलं बाळंतपण माहेरी झालं नाही. हे तरी व्हाले पाहिजे."

मी म्हणालो, त्या वेळचं त्या वेळी पाहू. ती माझ्याकडे न बघता फक्कीच्या रेषेकडे बघत होती.

"तुमी गोदामात थप्पीच्या भोवताल गल्ली सोडता. ते काहून सोडता?"

"हवा खेळाले. नाहीतर मधचं पोतं सडते."

"मंग घरात काहून नाही सोडत?"

"पोतं अन् पोरगी एक हाये का वं?"

"तुमीच एक करून राहिले," ती म्हणाली.

देवाजीने आमच्याकडे पाठ केली आणि ताणलेली दोरी उगाचच पुन्हा ताणली. परक्या माणसासमोर बायको असं बोलली म्हणून माझं डोकं फिरलं. मी तिला म्हटलं, गोपिकाची काही तक्रार नाही, तूच कशाला उकरून काढतेस. पोरगी सकाळच्या गाडीने येते, हसते, बोलते, जेवते, साडेपाचच्या गाडीने जाते.

"तेच म्हणते मी. दोन वर्षं झाले. एक रात तरी राहिली का ते?"

"गाडी सोयीची हाये म्हणून जाते."

"गाडीचं नाही," देवकी म्हणाली. "चंपतरावच्या बैठकीत तार हाये, पत्रं लावाची. तुमचं पत्र हाये त्याच्यात. नातीच्या बारशाले मी डोयानं पाह्यलं. आल्या-गेल्याले काढून दाखवतात. पाहा म्हणते, पोरीच्या बापाचं अक्षर किती सुंदर हाये."

चंपतराव म्हणजे गोपिकाचे सासरे. आणि पत्र कोणतं, ते मला विचारावं लागलं नाही.

आपल्याकडे लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सातव्या महिन्यात तिला आणायचं, सव्वा महिना झाला की बाळासकट पोहोचवायचं. गोपिकाच्या वेळी ओमप्रकाशची शेवटच्या वर्षाची परीक्षा होती. दोन खोल्यांत बाळंतीण कुठे ठेवायची, शेगडी कुठे, पाळणा कुठे, आणि पोराने अभ्यास कुठे करायचा? मी नेहमीसारखी चौकट आखून पाहिली आणि ती बसली नाही. तेव्हा मी चंपतरावांना पत्र लिहिलं. स. न. वि. वि., आमचेकडे जागेची अडचण आहे, तरी बाळंतपण तिकडेच व्हावे. दोन ओळी. माझं अक्षर खरंच चांगलं आहे.

मुलगी झाली. बाराव्या दिवशी गोपिका विहिरीवर पाण्याला गेली. तिची कंबर तेव्हापासून दुखते. हे मला ठाऊक होतं, आणि शेतीच्या घरात असं चालायचंच, असं मी धरून चाललो होतो.

"आखलं तसं खोद," मी देवाजीला सांगितलं. डबा तसाच राहिला. देवकी तो घेऊन गेली.

घरी जाताना मला पंधरा दिवसांपूर्वीची भाऊबीज आठवली. नातीच्या अंगात ताप होता. गोपिकाने भावांना ओवाळलं, तापलेली पोर खांद्यावर टाकली आणि ती गाडीला निघाली. मी म्हटलं, राहा आजची रात. ती म्हणाली, नाही बाबा, जाते. मी आणखी एकदा म्हणालो नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं होतं. ती राहिली असती तर धाकट्याची गादी कुठे घालायची, हा प्रश्न पडला असता, आणि तो न पडताच सुटला होता. बापाला असं बरं वाटलं, याची मला त्या दिवशी सायकलवर लाज वाटली. मला लाज वाटली की राग येतो, आणि घरी गेल्यावर मी सगळ्यांवर चिडलो.

दुसऱ्या दिवशी देवाजीच्या आधी मी प्लॉटवर पोहोचलो. टेप काढला. बैठकीच्या अठरा फुटांतून आठ फूट मोजले आणि तिथे आडवी दोरी धरली. देवाजी आला, त्याने पाहिलं, आणि काही न विचारता फक्कीची पाटी पुढे केली. दोरीपलीकडची खोली झाली दहा बाय आठ. बैठक उरली दहा बाय दहा. माझ्या दोन खिडक्यांतली एक त्या खोलीत गेली.

घर चैत्रापर्यंत उभं राहिलं. त्या खोलीवर सगळ्यांचा डोळा होता. ओमप्रकाशला तिथे त्याची सायकल ठेवायची होती. धाकट्याला अभ्यास सुचत होता, जो तोवर त्याला कधी सुचला नव्हता. माझा भाऊ आला तेव्हा म्हणाला, "हे खोली कायची गा?" मी म्हणालो, रिकामी. तो म्हणाला, एवढं सिमेंट रिकाम्या जागेत घातलं? छत टाकताना देवाजीने कुणी न सांगता तिथे पाळण्याची कडी सोडली होती, ती मला स्लॅबची लाकडं काढल्यावर दिसली.

वास्तूच्या दिवशी गोपिका सकाळच्या गाडीने आली. सातवा महिना होता, नात कडेवर नव्हती, बोटाला धरून चालत होती. पूजा झाली, पंगती उठल्या, तेव्हा मी तिला ती खोली दाखवली. खिडकी, कोनाडा, वरची कडी. ती कडीकडे बराच वेळ पाहत राहिली.

"कोनाची हाये बाबा?"

"तुयी."

"छान हाये," ती म्हणाली आणि बाहेर गेली.

चार वाजता पाहतो तर ती पिशवी भरत होती. मी तिथेच भडकलो. आता काय झालं म्हटलं, जागा तर केली ना. देवकी मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगत होती, पण मी गप्प राहणाऱ्यांतला नाही.

गोपिका शांतपणे म्हणाली, "जागा तुमी केली बाबा. त्याईले कुठं माहीत हाये? त्याईच्या तारेत तं तेच पत्र हाये."

"मंग मी येतो तुह्यासंगं. बोलतो चंपतरावशी."

"बोलणं तारेत लागत नाही. लिहून द्या."

मी बैठकीत बसलो. चार खुर्च्यांनीच ती भरली होती, दिवाण मावलाच नव्हता. मी दीड पान लिहिलं. नवं घर, हवेशीर खोली, पूर्वेची खिडकी, मागे झाली ती चूक, मनात ठेवू नये, असं सगळं. गोपिकाने उभ्यानेच वाचलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिने ते पदराने पुसलं.

"एवढं नका लिहू," ती म्हणाली. "तवा दोनच ओळी होत्या."

मी दुसरा कागद घेतला. स. न. वि. वि., आमचेकडे जागा आहे, तरी गोपिकाचे बाळंतपण इकडेच व्हावे. तिने वाचून परत दिलं.

"दहा बाय आठ लिहा. म्हणजे किती जागा हाये ते समजलं पाहिजे."

मी तेही लिहिलं. तिने कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि साडेपाचच्या गाडीने ती गेली.

नवव्या दिवशी चंपतरावांचं कार्ड आलं, सुनेला न्यायला या. मी दुसऱ्याच दिवशी कळमेश्वरला गेलो. त्यांच्या बैठकीत मी याआधी चारपाच वेळा बसलो होतो, पण दारामागची ती तार मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली. खाली लाकडी चकती, त्यातून वर आलेली टोकदार तार, आणि तिच्यात वर्षानुवर्षांची पत्रं टोचलेली. सगळ्यांत वर माझं नवं पत्र होतं. जुनं त्याच्याखाली कुठेतरी असणार. खालचं पत्र काढायचं तर वरची सगळी काढावी लागतात. मी हात लावला नाही.

चंपतरावांनी चहा पुढे केला. "तुमची बैठक लहान झाली म्हणते," ते म्हणाले.

"हो. चार माणसं बसतात."

"चार म्हणजे बस झाले," ते म्हणाले. मग त्यांनी आतल्या बाजूला वळून, सुनेची पेटी बाहेर आणा म्हणून सांगितलं.

दुपारी आम्ही सक्करदऱ्याला पोहोचलो. देवकीने खोलीत बाज टाकून ठेवली होती, आणि पेटी बाजेखाली नीट बसली. नातीने कडीखाली उभं राहून हात वर करून पाहिले. मी बैठकीत जाऊन पेपर वाचत बसलो.

साडेपाच वाजायला आले तसं सवयीने माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. गोपिका ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. तिने घड्याळ पाहिलं नाही. साडेपाच झाले, पावणेसहा झाले, सूप अजून अर्धं भरलेलं होतं, आणि ती खडे काढत बसून राहिली.