बोटाखालची अक्षरं

“माणूसपेक्षा मशीननी बडदास्त जास्ती शे या घरमा,” चुडामण बशीतल्या चहाला सांगावं तसं पुटपुटला. लिलाबाई त्याला लागूनच शेंगा फोडत बसली होती, म्हणून तिला ऐकू आलं. घरातली एकुलती एक उशी त्या काळ्या लॅपटॉपखाली होती आणि चुडामण सतरंजीवर.

“मशीन बोलतं तरी. तू नुसता कुरकुरतोस,” ती म्हणाली.

चुडामण तिचा धाकटा भाऊ, धुळ्याकडच्या खेड्यातला. दसरा होऊन पाच दिवस झाले होते. धुळ्याला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणारा अभिमन, तिचा मुलगा, रविवार म्हणून जळगावला यायला निघाला, तेव्हा मामाही त्याच एसटीत चढला होता. निमित्त होतं पेपरातल्या बातमीचं.

“एक जानेवारीले बठ्ठा जुना कॉम्प्युटर बंद पडतीन म्हने,” तो म्हणाला. “सन दोन हजार लागनं का खलास.”

“तसं नाही मामा. तारीख चुकेल फार तर,” अभिमन म्हणाला. “पण याचं तसंही वय झालंय. दिवसातून तीनदा अडकतंय. मी जादा मेमरी आणलीय. नवी सिस्टीम टाकली तर अजून तीन-चार वर्षं काढेल.”

अभिमनचे वडील, नाना, खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ऐकत होते. मान किंचित कललेली, उजवा हात मांडीवर ठेवलेला, कोणीतरी विसरून गेल्यासारखा.

रुपचंदनाना जळगावच्या एसटी स्टँडवर सव्वीस वर्षं कंट्रोलच्या खिडकीत होते. “प्रवाशांनी लक्ष द्यावे, नशिराबादमार्गे भुसावळला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे.” हा आवाज पहूरच्या माणसाला ठाऊक होता, बोदवडच्याही. एका लग्नात त्यांनी वाढप्याला फक्त “जिलबी इकडे” म्हटलं, तर अख्खी पंगत वळून बघायला लागली, आणि एका म्हातारीनं सवयीनं पिशवी उचलली.

निवृत्तीनंतर तीन महिन्यांनी, मागल्या वर्षीच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, अर्धांगाचा झटका आला. डोकं शाबूत राहिलं. उजवा हात गेला, जीभ गेली. डॉक्टर म्हणाले होते, सहा महिने वाट बघू.

त्या सहातले पाच संपले तेव्हा क्लासमधून काढून टाकलेला हा लॅपटॉप टॉवेलात गुंडाळून, मांडीवर घेऊन अभिमन आला. त्यात मराठी लिहायचा एक प्रोग्रॅम होता. लिलाबाईनं नानांच्या जुन्या वेळापत्रकांतून अक्षरं कापली आणि अभिमन सांगेल त्या बटणावर एकेक डिंकानं चिकटवली. क कुंभारखेड्याचा, प पहूरचा, ब बोदवडचा. नाना डाव्या हाताच्या एका बोटानं शोधत राहिले. तिसऱ्या दिवशी पडद्यावर पहिलं वाक्य उमटलं.

पंखा बंद कर. थंडी वाजते.

लिलाबाईनं पंखा बंद केला आणि त्या थांबलेल्या पंख्याखाली कितीतरी वेळ उभी राहिली. डॉक्टर म्हणाले होते, खोली हवेशीर ठेवा. पाच महिने तो पंखा फिरत होता. नाना पंख्याकडे बोट करायचे, तेव्हा ती उठून वेग वाढवायची.

तेव्हापासून तिला त्या यंत्राची एक धास्तावलेली माया लागली. झाकण उघडलं की आत काहीतरी कुरकुरायचं, दिवा मिणमिणायचा, आणि चहाला उकळी येईस्तोवर पडदा उजळायचा. मग त्या राखाडी उजेडात नवऱ्याच्या मनातलं अक्षर अक्षर करून वर यायचं, विहिरीतून पोहऱ्यानं पाणी यावं तसं. तीस वर्षं संसार करून तिनं त्यांचं मन कधी असं डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. ती अजूनही पडद्यापुढे पदर सावरून बसायची.

“मग टाक की नवी,” ती आता म्हणाली. “त्यात विचारायचं काय?”

“एक अडचण आहे.” अभिमननं एक फ्लॉपी पुढे केली. तिचं पत्र्याचं झाकण नखानं सरकवलं, तसं आतून लाल भुकटी सांडली. “मराठीचा प्रोग्रॅम या फ्लॉपीत होता. नव्या सिस्टीममध्ये तो परत टाकावा लागतो. आता ही वाचताच येत नाही.”

लिलाबाईनं शेंगा फोडायच्या थांबवल्या. दसऱ्याला शस्त्रांची पूजा, म्हणून तिनं विळी मांडली होती, कात्री मांडली होती, आणि मधोमध, पाटावर, लॅपटॉप आणि फ्लॉपी. लॅपटॉपला लांबूनच ओवाळलं होतं. फ्लॉपीला मात्र हळदकुंकू वाहिलं, वर फुलानं पाणीही शिंपडलं. मशीनचा जीव त्या चकतीत आहे, असं अभिमननंच एकदा सांगितलं होतं. जीव आहे म्हटल्यावर कोरडा कसा ठेवायचा.

“दुसरी नाही मिळत?”

“हा प्रोग्रॅम आता कोणाकडेच नाही. नवा आहे, चांगला आहे. पण त्यात अक्षरांच्या जागा वेगळ्या. नानांना सगळं पहिल्यापासून शिकावं लागेल. दोन महिने, तीन महिने.”

म्हणजे दोन-तीन महिने पुन्हा तो पंखा. लिलाबाईनं मान वर करून पंख्याकडे पाहिलं.

“आणि नाही बदललं तर?”

“चालेल तोवर चालेल. एक दिवस उघडणार नाही.”

“मंग कसाले इतली खटपट?” चुडामण म्हणाला. “डॉक्टर बोलना व्हता ना, वाट देखू? दिवाळीलोंग नानाना आवाज यी जाई. तवलोंग हाई जुनं बस.”

“हो,” लिलाबाई घाईनं म्हणाली. “तोवर पुरेल.”

“तसं असेल तर राहू दे,” अभिमन म्हणाला, पण त्याची नजर फ्लॉपीवरच होती.

‘तोवर’ हा शब्द या घरात वर्षभर चालला होता. तोवर नवी खुर्ची नको. तोवर नानांची भजनातली हार्मोनियम कोणाला द्यायची नाही. डॉक्टरांचे सहा महिने कधीच उलटले होते, आता चौदावा लागला होता. मोजत सगळेच होते, मनातल्या मनात.

नानांनी डाव्या हातानं खुर्चीचा दांडा वाजवला. अभिमननं लॅपटॉप उशीसकट त्यांच्यापुढे सरकवला.

बोट उठलं. प शोधलं. मग र. चुडामणनं बशी खाली ठेवली. बोट पाकोळीसारखं घिरट्या घालून नेमक्या कागदाच्या तुकड्यावर उतरत होतं, न चुकता. मध्येच पडदा गोठला. आत कुरकुर झाली, बराच वेळ झाली, आणि थांबलेलं अक्षर आपल्या जागी येऊन बसलं. लिलाबाईनं नकळत हात जोडले.

तिला एकाएकी कंट्रोलची ती खिडकी आठवली. गाडी बिघडली की बाकीचे बाबू ‘येईल, उशिरा येईल’ म्हणत राहायचे, म्हणजे खिडकीवर भांडण नको. नाना तसं करायचे नाहीत. एकदा तिनं विचारलं होतं, लोक चिडतात तर कशाला लगेच सांगता? ते म्हणाले होते, “माणूस पोरंबाळं घेऊन उभा असतो. खरं कळलं तर दुसरी गाडी तरी बघेल.”

बोट थांबलं. नानांनी तिच्याकडे पाहिलं आणि हनुवटीनं पडद्याकडे खूण केली. वाच.

“चष्मा नही आना मी,” चुडामण उगाचच म्हणाला. अभिमन खाली मान घालून फ्लॉपीचं झाकण उघडमीट करत होता.

लिलाबाई पुढे सरकली. पदर सावरला. घसा खाकरला, आणि तिच्याही नकळत तिचा आवाज स्टँडवरच्या त्या जुन्या चालीत लागला, सावकाश, शब्द शब्द सुटा.

“प्रवाशांनी लक्ष द्यावे. रुपचंदच्या आवाजाची गाडी रद्द झाली आहे. ती येणार नाही. कोणी वाट बघू नये. नवी सिस्टीम आजच टाका.”