आधी पानी, मग जाळ

मंडळी, घरात कुनाचं दुखायला लागलं की आपन काय करतो? आपल्याला लागू पडलेलं औषध त्याच्या नरड्यात वततो. मला गुन आला म्हंजी तुलाबी येनारच! आसं म्हननारं एक तरी मानूस दर घरात हाय. सुप्याचा काकासाहेब त्यातलाच.

काकासाहेब तिथल्या एमायडीशीत एका कारखान्यात बॉयलरवर हुता. साल असंल पंचान्नव-शान्नव. तीन पाळ्या, दर आठवड्याला पाळी बदलायची. घरात आई गोजरबाई आन् बायकू भागिरथी. त्या थंडीत ह्याला खोकल्यानं धरलं. छाती नुसती घरघरायची. बाजारतळाजवळ मोहियोद्दीनचाचाचं झाडपाल्याच्या औषधाचं दुकान हुतं. तिथनं ह्यानं सुंठ, मिरी, पिंपळीचं चूर्न आनलं, मधातनं चाटलं, आन् पंधरा दिसांत गडी खडखडीत!

तिथनं ह्याच्या अंगात वैद्य शिरला. शाळेत आयुर्वेदाचं फुकट शिबिर झालं, तिथला वात-पित्त-कफाचा छापील तक्ता आनून दाराला चिकटवला आन् पेन्सिलनं एकेका रकान्यात एकेकाचं नाव लिवलं. वातात आई, पित्तात भागिरथी, कफात सोता.

"मला वारा म्हनतोस व्हय रं मुडद्या?" गोजरबाई म्हनली.

"तुझं गुडघं कडाकडा वाजत्यात, आये. त्यो वातच."

"वाजू दे. तुझ्या तोंडापरीस कमीच वाजत्यात."

भागिरथीचं दुखनं मातर हसन्यावारी न्यायसारखं न्हवतं. छातीत आग, तोंडाला कडू पानी, दुपार कलली की कपाळ ठनकायचं. बाई वाळून चालली हुती. काकासाहेबानं काय केलं, तर आपल्या चूर्नाची पुडी तिच्या म्होरं धरली.

"माझी छाती मोकळी झाली न्हाई का? घे."

तिनं घेतलं. आग वाढली. ह्यो म्हनला, "दोष बाहेर निघत्यात. सोस जरा." तिनं सोसलं. सोसन्यात आपल्या बाया लई हुशार!

चवथ्या दिशी दुपारी दोनच्या सुमाराला भागिरथी हापशावर हंडा उचलाय गेली आन् डोळं फिरवून खाली पडली. काकासाहेब रातपाळी करून घरी झोपला हुता. शेजारनीनं हाक मारली तसा उठला, बायकूला लुनावर बसवली आन् थेट चाचाचं दुकान गाठलं.

"चाचा, त्या चूर्नानं हिला काय व्हईना. घरच्या तक्त्यावर पेन्सिलनं हिचं नाव पित्तात लिवलंय मी. ह्याच्यापरीस जालीम असंल ते द्या."

चाचा सत्तरीचा मानूस. त्यानं ह्याच्याकडं बघितलंच न्हाई. भागिरथीला बाकड्यावर बसवली, तांब्याभर पानी दिलं, मूठभर मनुका हातावर ठिवल्या.

"ल्येकी, सकाळधरनं काय खाल्लंस?"

"खाती की टायमाला," काकासाहेब म्हनला.

"तुला इचारलं का? तू चावलेली भाकर हिच्या पोटात जाती व्हय रे? बोल ल्येकी."

भागिरथीनं पदर डोक्यावर वढला. "चा घेतला. दोनदा."

"आन् भाकर?"

"ह्यांचं जेवान व्हायचंय अजून."

चाचानं भिताडावरल्या घड्याळाकडं नुसतं बोट केलं. अडीच वाजलं हुतं.

मंडळी, तुमच्या ध्यानात आलं का? मालकाच्या आधी बाईनं घास घ्यायचा न्हाई, ही आपली रीत. आन् मालकाच्या तर तीन पाळ्या! सकाळपाळीला त्यो साडेतीनला घरी यायचा, भागिरथी चारला जेवायची. दुसऱ्या पाळीला ती मध्यान रातीपतूर बसून. रातपाळीला त्यो दुपारपतूर झोपायचा, आन् ही चुलीम्होरं त्याच्या उठन्याची वाट बघत. काकासाहेब कारखान्याच्या कॅन्टीनात पोटभर हानायचा. ही चा पिऊन भूक मारायची. त्याला ठावं न्हवतं आसं न्हाई. त्याच्या ध्यानातच आलं न्हवतं. आपल्यातल्या कितीजनांच्या येतं?

"काकासाहेब, तू कामाला कशावर हायस?" चाचानं इचारलं.

"बॉयलरवर."

"त्यातलं पानी संपलं आन् खालनं जाळ चालूच ऱ्हायला तर?"

"तर फुटतोय की! अर्ध्या अर्ध्या तासाला काचनळीत पानी बघावं लागतं. आमच्या तिथं भिताडावर लिवलंय, आधी पानी बघा, मगच जाळ घाला."

"आन् ही?" चाचाचा आवाज चढला. "हिच्या पोटात आल्लानं जाळ दिलाय, अन्न शिजवाया. त्यालाच पित्त म्हंत्यात. अन्नच न्हाई घातलं तर त्यो काय शिजवंल? हिलाच शिजवंल! आन् वरनं तू सुंठ-मिरी घातलीस. पेटल्या गंजीवर रॉकेल!"

"पन चाचा, मला तर लागू पडलं..."

"तुझ्या छातीत कफ साठल्ता, ओल हुती. ओलीला ऊब लागती. हिथं आधीच आग हाय. वात हालवतो, पित्त शिजवतं, कफ धरून ठिवतो. तिघंबी चांगलं हायत, गड्या. कोन वाढलाय आन् का वाढलाय, ते मानसाला इचारून कळतं. पेन्सिलनं नाव लिवून न्हाई!"

काकासाहेबाच्या डोळ्याम्होरं तक्त्यावर आपल्या हातनं लिवलेलं भागिरथीचं नाव आलं. अकरा वर्सं ह्यानं बॉयलरची काच एक दीस चुकवली न्हवती. आन् बायकूचं तोंड? ते कवा नीट बघितलं हुतं?

"मग हिला औषध?"

"आधी सरकारी दवाखान्यात नेऊन रगत तपासून घे. उलटीत रगत दिसलं तर माझ्याकडं येऊ नगंस, डाक्टरकडंच पळ. डाक्टर सांगंल त्या गोळ्या हिला दे. माझं औषध एकच, ही भूक लागंल तवा जेवंल. तुझी वाट न बघता."

सासूच्या भ्यानं भागिरथी हळूच म्हनली, "आत्याबाई काय म्हंत्याल?"

दवाखान्यातनं दोघं दिवस मावळायच्या आत घरी आली. डाक्टरनंबी गोळ्या देऊन तेच सांगितलं हुतं, पोट रिकामं ठिवू नका. काकासाहेबानं आईला समदं सांगितलं. गोजरबाई उठली, ताट घेतलं, भाकर, वरन, वाटीभर ताक वाढलं आन् सुनंच्या म्होरं ठिवलं.

"आत्याबाई, त्यांचं..."

"त्याला हात हायत. घील त्यो वाढून." म्हातारीनं ताट आनखी म्होरं सारलं. "आगं, तुझा सासरा बांधावनं बाराला यायचा. सूर्य डोक्यावर की भाकर म्होरं. मीबी त्याच्या मागनंच जेवले, पन कवा उपाशी न्हाई ऱ्हायले. तीच रीत तुला दिली मी. कारखान्याचा भोंगा येगळा आन् सूर्य येगळा, ह्ये मला म्हातारीला उमगलंच न्हाई गं! खा, बाय माझी."

भागिरथीनं घास घेतला. डोळ्यातनं पानी, आन् घास तोंडात!

ती जेवली, मग काकासाहेबानं सोताचं ताट वाढलं. अर्ध्या जेवनात थांबला. बायकूचं उपकार मानायची आपल्यात कुठं सवय? शेवटी म्हनला, "भागे, पाळ्या मी केल्या, पन उपास तू काढलंस. लई उपकार झालं तुझं."

भागिरथीनं त्याच्या कपाळाला हात लावला. "ताप आलाय का तुमास्नी?"

गोजरबाई हसून हसून ठसकली.

दोन महिन्यांत भागिरथीच्या तोंडावर तजेला आला. काकासाहेब फडक्यात बाजरीच्या भाकरी, मेथीची भाजी बांधून चाचाकडं गेला. "चाचा, तुमच्यामुळं मानूस वाचलं माझं." चाचानं फडकं सोडायच्या आधीच इचारलं, "आज घरात आधी कोन जेवलं?"

"ती. माझं ताट झाकून ठिवलंय."

"मग गोड लागंल," म्हनून चाचानं भाकर मोडली.

दाराचा तक्ता अजून हाय. त्यावरली नावं काकासाहेबानं खोडली आन् खाली लिवलं, आधी पानी, मग जाळ.

तर मंडळी, वात, पित्त, कफ जरूर शिका. लई मोठं ग्यान हाय ते, आन् ते जपनाऱ्यांचं आपल्यावर उपकार हायत. पन एकाची पुडी दुसऱ्याला देऊ नका, आन् घरच्या बाईला पुडी द्यायच्या आधी एवढं इचारा, "जेवलीस का? कवा जेवलीस?" तिचं उत्तर ऐकायला बसा. आर्धं दुखनं तिथंच कळतं. आन् आज घरी गेल्यावर तुमची भाकर थापनारीला आधी वाढा. ताट काय, तुमच्यासाठी झाकून ठिवता येतंच की!