तळाचे खिळे

कुठलीही जुनी पेटी उघडायच्या आधी पेटीबाई ती हुंगत. लिलावघरातले लोक यावरून त्यांची टिंगल करत, अर्थात पाठीमागे. कुलपाच्या फटीला नाक लावून, डोळे मिटून त्या दोन श्वास घेत. जुन्या प्रवासी पेटीत लाकूड, खळ आणि चामडं यांचे वास इतके एकमेकांत मुरलेले असतात की वेगळे काढता येत नाहीत.

त्या मंगळवारी सकाळी त्यांनी पहिला श्वास घेतला आणि तोंड फिरवलं. उंदराच्या मुताचा भपकारा होता, आणि तो ताजा होता.

“काय झालं?” लिलावघराच्या व्यवस्थापकांनी विचारलं. ते चार पावलं लांब, नाकाला रुमाल लावून उभे होते.

“उंदीर.”

“जुनी पेटी म्हटल्यावर उंदीर आलेच की हो. तुमच्याच पुस्तकात आहे.”

होतं. पान बावीस. पेटीबाईंच्या वडिलांचं पेट्या दुरुस्त करायचं दुकान होतं आणि त्यांचं बालपण त्या दुकानात, झाकणांच्या खाली-वर गेलं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी चौसष्ट पानांचं एक पुस्तक लिहिलं: प्रवासी पेटी कशी ओळखायची आणि तिचा काळ कसा ठरवायचा. जुन्या वस्तूंचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाच्या गल्ल्यावर ते असे. पेटीबाईंनी कागद दिला की पेटी खरी, नाही दिला की भंगार.

“लिलावाच्या यादीच्या मुखपृष्ठावर हिचाच फोटो आहे,” व्यवस्थापक म्हणाले. “पाचला छापखान्याचा माणूस येतोय. तुमचा तेवढा कागद झाला की सुटलो.”

पेटीबाई कामाला लागल्या. झाकण घुमटी होतं. जहाजांच्या तळघरात पेट्या एकावर एक रचायला लागल्यावर सपाट झाकणं आली. ही त्याच्या आधीची. लाकडावर ताणून बसवलेलं कॅनव्हास, त्यावर रंगाचा हात, रंगाला बारीक तडे. पट्ट्यांच्या स्क्रूंची खाच हाताने पाडलेली, म्हणून मधोमध नाही, जराशी कलती. आत बारीक फुलांचा अस्तराचा कागद, कडेला पिवळट. उचलून ठेवायचा खण, त्याच्या तळाला शाईचा डाग.

सगळं बरोबर होतं. पान नऊ, पान तेरा, पान चौदा, पान एकोणीस. अर्ध्या तासाने पेटीबाईंच्या लक्षात आलं की पुढची खूण कुठे सापडणार ते आपल्याला आधीच कळतंय. खऱ्या पेटीत कुठेतरी घोळ असतो. कुणीतरी कडी बदललेली असते, मुठीच्या जागी दोर बांधलेला असतो, एखाद्या कार्ट्याने झाकणावर चाकूने रेघोट्या ओढलेल्या असतात. ही पेटी हुशार मुलाने घोकून लिहिलेल्या उत्तरपत्रिकेसारखी होती.

त्यांनी पातळ सुरीने अस्तराची कड उचकटली. खाली लेंड्या होत्या, अगदी पान बावीसवर म्हटल्याप्रमाणे. एक त्यांनी सुरीच्या पात्याने दाबली. शंभर वर्षांच्या लेंडीचा भुगा होतो. ही चपटी झाली आणि पात्याला चिकटली.

“शी!” व्यवस्थापक म्हणाले. “अहो, एखादा उंदीर नंतर शिरला असेल.”

पेटीबाईंनी सुरी पुसली. त्या अस्तराच्या कडेकडे बघत होत्या. कागद अंगठ्याने दोनदा आत दुमडून चिकटवला होता. अशी दुमड त्यांचे वडील घालत. त्यांनी ती दोनच माणसांना शिकवली होती: पेटीबाईंना आणि त्यांच्या धाकट्या भावाला.

“उलटी करा,” त्या दोघा हमालांना म्हणाल्या.

तळाची फळी वर आली. पेटीबाईंनी दोन खिळ्यांच्या मध्ये आपली दोन बोटं टेकवली. मग पुढच्या दोन खिळ्यांत. मग त्याच्या पुढच्या. सबंध रांगभर दोन बोटांचं अंतर, कुठे केसाचाही फरक नाही. त्या तिथेच जमिनीवर बसल्या.

पान एकेचाळीस. या घाटाच्या पेट्यांचे तळाचे खिळे दोन बोटांवर असतात, असं त्यांनी लिहिलं होतं. वडिलांच्या दुकानात नमुना म्हणून ठेवलेली एक पेटी त्यांनी त्यासाठी मोजली होती. चार वर्षांनी, वडील गेल्यावर, दुकान आवरताना त्यांनी ती पेटी आतून खरवडली, तेव्हा फळीवर वडिलांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलेलं दिसलं: तळ बदलला. खाली तारीख. फळी पातळ मिळाली म्हणून वडिलांनी खिळे जवळजवळ मारले होते, एवढंच. त्यानंतर तसल्या दोन पेट्या तपासायला आल्या. दोन्हींचे खिळे चार बोटांवर होते. दोन्हींना त्यांनी कागद दिला, आणि कागदात खिळ्यांचं नाव काढलं नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा पान एकेचाळीस जसंच्या तसं छापलं.

कारण मधल्या चार वर्षांत त्या पानाच्या जोरावर त्यांनी एक पेटी सगळ्यांदेखत खोटी ठरवली होती. जहाजावरून निवृत्त झालेल्या एका आचाऱ्याची. प्रदर्शनात ठेवायला आणली होती त्याने, शेजारी स्वतःच्या वडिलांच्या नावाची चिठ्ठी लावायची म्हणून. खिळे चार बोटांवर होते. “अहो, मी लहानपणी हिच्यात लपायचो,” तो म्हणाला होता. “आठवणींना खिळे नसतात,” पेटीबाई म्हणाल्या होत्या, आणि आजूबाजूचे सगळे हसले होते. पुढे कितीतरी दिवस त्यांना स्वतःचं ते वाक्य आवडत असे.

भावाची कार्यशाळा मागच्याच गल्लीत होती. पेटीबाई चालत गेल्या. दारातच चहाच्या काळ्या पाण्याचं घमेलं होतं आणि त्यात कागद भिजत पडले होते.

“ये ताई,” धाकटा म्हणाला. त्याच्या हातात कानस होती. “नाक कशाला धरतेस? तुझंच काम चाललंय.”

कोपऱ्यातल्या पेटीतून खुडबुड ऐकू येत होती.

“काय कोंडलंयस त्यात?”

“तुझं पान बावीस,” धाकटा म्हणाला आणि त्याने झाकण वर केलं.

ओल्या पेंढ्यावर पंधरा-वीस उंदीर एकमेकांच्या अंगावर चढत होते. पावाचे बुरसटलेले तुकडे होते. कडेला एक उंदीर मरून पडला होता आणि बाकीच्यांनी त्याचं पोट खाल्लं होतं. पेटीबाईंनीच झाकण आपटलं.

“किती दिवस ठेवतोस यांना?”

“सव्वा महिना. खायला घालतो गं, अगदीच राक्षस नाहीये मी.”

“लाज नाही वाटत?”

“लाज कसली? एक ओळ सोडली नाही तुझी. स्क्रूची खाच कलती करायला चार दिवस गेले नुसते. हात धरून बघ, फोड आलेत.” त्याने खरंच हात पुढे केला. “बाबा कधी म्हणाले मला, चांगलं केलंस म्हणून? तू तरी म्हण. तू कागद दिलास की मी तेच समजेन.”

“आणि नाही दिला तर?”

“कशावरून नाही देणार? एक खूण दाखव चुकलेली. दाखव, आत्ता पेटी परत आणतो.”

तो हसत होता. त्याच्या पुस्तकाच्या प्रतीवर खळीची बोटं उमटली होती आणि ती नेमकी तळाच्या प्रकरणावर उघडी पडली होती. चुकलेली एकच खूण होती आणि ती पेटीबाईंची होती.

“लेंड्या अजून मऊ आहेत,” त्या म्हणाल्या.

“वाळतील की!”

गल्लीच्या टोकाला भिंतीला हात टेकून पेटीबाईंनी सकाळचा चहा ओकून टाकला. तोंड पुसताना त्यांना सुटकेची वाट दिसली. लेंड्या ताज्या आहेत, सबब निर्णय राखून ठेवला, एवढं लिहिलं की झालं. कुणी पुढे विचारणार नव्हतं. मग धाकटा लेंड्या उन्हात वाळवणार, आणि पेटी दुसऱ्या शहरात, पुस्तक हातात धरून तपासणाऱ्या दुसऱ्या कुणापुढे जाणार. तो माणूस पान एकेचाळीस काढणार, दोन बोटं टेकवणार आणि खूश होणार. त्यांना पुन्हा मळमळलं. या वेळी उंदरांचा संबंध नव्हता.

चार वाजता त्यांनी व्यवस्थापकांच्या टेबलावर कागद ठेवला. व्यवस्थापकांनी तो मोठ्याने वाचला.

“पेटी बनावट आहे आणि अलीकडची आहे. कारण तळाचे खिळे दोन बोटांवर आहेत. या घाटाच्या खऱ्या पेट्यांत ते चार बोटांवर असतात. माझ्या पुस्तकातलं पान एकेचाळीस चुकीचं आहे. ते चुकीचं आहे हे मला पंधरा वर्षांपासून माहीत आहे.” त्यांनी मान वर केली. “अहो बाई, शेवटचं वाक्य कशाला? छापखान्याची चूक म्हणा. नजरचूक म्हणा.”

“माहीत होतं मला.”

“असेल हो. पण लिहायचं कशाला? उद्यापासून तुमच्या कागदाला कोण विचारेल?”

“नका विचारू.”

व्यवस्थापकांनी कागद दोन बोटांच्या चिमटीत धरून टेबलाच्या कडेला सरकवला, सकाळच्या त्या लेंडीसारखा, आणि फोन उचलला. मुखपृष्ठ बदलायचं होतं.

पेटीबाई तिथून सरळ आचाऱ्याच्या घरी गेल्या. पत्ता सतरा वर्षांपूर्वीच्या वहीत होता. दार त्यानेच उघडलं. खूप वाकला होता.

“मी पेट्यांचं बघते ती...”

“आठवणींना खिळे नसतात,” आचारी म्हणाला. “ओळखलं.”

“ती पेटी आहे का हो अजून?”

“आहे मागे. कोंबड्या बसतात.”

मागच्या अंगणात, पत्र्याच्या छपराखाली, झाकण उखडलेली पेटी होती. आत पेंढा, पिसं, शिटांचा बोटभर थर. वासाने डोळ्यांत पाणी आलं. पेटीबाईंनी हातांनी ओंजळभर घाण उपसली, पेटी आडवी केली आणि तळाला हात लावला. खिळे शिटांखाली गेले होते. त्यांनी नखाने खरवडून दोन शोधले आणि मध्ये बोटं टेकवली. एक, दोन, तीन, चार.

“ही खरी आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या वडिलांचीच आहे. चूक माझी होती, आणि ती मला नंतर कळली होती. मी येऊन सांगितलं नाही.”

आचाऱ्याने पेटीच्या कडेवर हात ठेवला. मग म्हणाला, “तुम्ही म्हणालात, ते मी खरं मानलं. आमचा बाप थापाड्या होता असं घरात ठरून गेलं. कुणी जास्त फुशारकी मारली की पोरं म्हणतात, आजोबांची पेटी काढली का?” तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. “लिहून द्या.”

“माझ्या लिहिण्याला आजपासून किंमत नाही.”

“मग तोंडी सांगा. थोरला घरात आहे, आणि सूनही. तेव्हा जसं चारचौघांत सांगितलंत, तसं.”

त्याने आत हाक मारली. पेटीबाईंच्या कोपरापर्यंत घाण लागली होती. पाण्याचा नळ दोन पावलांवर होता, पण आतून पावलांचा आवाज यायला लागला होता. त्या तशाच उभ्या राहिल्या.