बॅटरी कोण खातंय?

उजाडायच्या आतच मशीनने पुन्हा बोंब मारली. ट्वायला अंथरुणातून अशी उठली की पायात चप्पलसुद्धा नाही. चाचपडत तिने पलंगामागचा सिलिंडर ओढला, ऑरिनच्या नाकातली नळी मशीनवरून काढून सिलिंडरला लावली, चावी फिरवली आणि त्याच्या नखांकडे टक लावून बसली. नखं निळसर पडली होती. हळूहळू ती गुलाबी झाली, तेव्हा कुठे तिने स्वतः श्वास घेतला.

"बॅटरी?" ऑरिनने डोळे न उघडता विचारलं.

"मेली!" ती त्याच्या कानाशी ओरडली. झोपताना तो कानातली यंत्रं काढून डबीत ठेवायचा, आणि मग शेजारी तोफ डागली तरी साहेबांना पत्ता नाही.

"पुन्हा?"

"पुन्हा!"

"असं होऊच शकत नाही," ऑरिन म्हणाला. गेला आठवडाभर तो हे एकच वाक्य बोलत होता, आणि ते रोज होत होतं.

ही दोघं ओमाहातलं घर विकून गाडीत राहायला आली त्याला बरीच वर्षं झाली. गाडी म्हणजेच घर. उन्हाळ्यात उत्तरेला, थंडीत इथे, ॲरिझोनाच्या माळावर. इथे ना भाडं, ना कुंपण, ना कुणी प्लग लावायला खांब देतो. वीज काय ती छतावरच्या सोलरची. ती बॅटरीत साठवायची आणि इन्व्हर्टरमधून वापरायची. दोघांचं त्यात मजेत चाललं होतं. मग युमाच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ऑरिनला झोपेत ऑक्सिजन कमी पडतोय, रोज रात्री हे मशीन लावायचंच. जुना इन्व्हर्टर बिचारा अशक्त, एका प्लगपुरता. मशीन लावलं की धापा टाकायचा आणि बंद पडायचा.

म्हणून नवा आणला. इन्व्हर्टर आणि चार्जर एकाच डब्यात, आणि डबा केवढा, वासराएवढ्या वजनाचा. सोबत नव्या बॅटऱ्या. आयुष्यभर शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केलेल्या ऑरिनने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. गाडीच्या पोटातल्या कप्प्यात तो आडवा होऊन घुसला, ट्वायलाने बाहेरून बॅटरी धरली, पाने दिले, शिव्या ऐकल्या. "रात्रभर मशीन चालवून सकाळी अर्धी बॅटरी उरेल," असं छाती काढून सांगितलं होतं पठ्ठ्याने. उरत काही नव्हतं.

तिकडे मुलगी, क्रिस्टा, ओमाहात तळघरातली खोली रंगवून बसलेली. "मॉम, डॅडचा श्वास काय बॅटरीवर टांगून ठेवणार आहात का तुम्ही?" तिने फोनवर विचारलं होतं. तेव्हा ट्वायलानेच शब्द देऊन टाकला. रविवारपर्यंत हे दुरुस्त झालं नाही, तर गाडी विकायची आणि ओमाहाला यायचं. शब्द दिला खरा, पण ती खोली तिने पाहिली होती. त्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातून शेजाऱ्याच्या गाडीचं चाक दिसायचं. आज शनिवार होता. शेवटचा सिलिंडर निम्मा झाला होता.

सकाळची कॉफी झाली तशी ऑरिनने कप्प्याचं झाकण उघडलं. आता ह्या माळावर एक रीत आहे. कुणाच्याही गाडीचं झाकण उघडं दिसलं की ते आमंत्रणच. आजूबाजूचे लोक आपापली खुर्ची आणि आपापला कप घेऊन येतात, बसतात आणि अक्कल पाजळतात. कुणी बोलवत नाही, कुणी हाकलत नाही. लॉनी तर खुर्ची उघडायच्या आधीच बोलायला लागला.

"अर्थिंग!" लॉनी म्हणाला. हा आर्कान्साचा, जन्म टेलिफोनच्या खांबांवर काढलेला. त्याच्या मते जगातल्या सगळ्या दुखण्यांचं मूळ अर्थिंग. "ऑरिन, तुझी वीज जमिनीत चाललीय. साप घुसावा तशी."

"कुठल्या जमिनीत? गाडी रबराच्या चाकांवर आहे, गाढवा."

"मग चाकांतून."

"लॉनी, तू कॉफी पी," बर्नाडेट म्हणाली. ही कॅनडातल्या क्युबेकची, एकटी, एका पिवळ्या व्हॅनमध्ये राहायची आणि कुणालाही न विचारता खरं बोलायची. "बॅटऱ्याच खोट्या आहेत. वर नवीन कागद चिकटवून जुना माल विकला तुम्हाला. मी सांगते, फसलात."

"मोजल्यात मी," ऑरिन तणतणला. "दुपारी मोजल्या, ठणठणीत आहेत. दिवसभर मशीन चालवून बघितलं, जेवढं खायला हवं तेवढंच खातं. रात्री काय होतं कुणास ठाऊक!"

हेच तर ट्वायलाच्या डोक्यात शिरत नव्हतं. नव्या इन्व्हर्टरची एक पंजाएवढी काच तिच्या चुलीजवळ बसवली होती. घरात किती वीज खर्च होतेय, ते तिच्यावर दिसायचं. दिवसा मशीन लावलं की एक आकडा. रात्री ती पाणी प्यायला उठली की त्याच मशीनचा आकडा दुप्पट! फ्रिज गॅसवर चालणारा, दिवे बंद, टीव्हीचा प्लग काढलेला. तिने तर भिंतीवरचं घड्याळसुद्धा उतरवून ठेवलं होतं, आणि ते त्याच्या स्वतःच्या सेलवर चालायचं. तरी आकडा दुप्पट. दिवसा शहाणा आणि रात्री वेडा होणारा डबा तिने जन्मात पाहिला नव्हता.

"घरात तिसरं कुणी राहतं का?" लॉनीने डोळे बारीक करून विचारलं.

"राहतं ना. रात्री आमचा टोस्ट भाजून खातं," ट्वायला म्हणाली. सगळे हसले. तिला मात्र हसता हसता रडू यायला लागलं, म्हणून ती बिस्किटं आणायला आत गेली.

दुपारपर्यंत ऑरिनने सगळ्या तारा सोडल्या आणि परत बांधल्या. लॉनीने जमिनीत एक लोखंडी सळई ठोकली, तिचा उपयोग इतकाच झाला की बर्नाडेट तिला अडखळून पडली. पडल्या पडल्या तिने लॉनीचा फ्रेंचमध्ये उद्धार केला. काचेवरचा आकडा पाहावा तर अगदी सरळ, साळसूद. ऑरिन कप्प्यातून बाहेर आला, उलट्या बादलीवर बसला आणि पाने एकेक करून पुसून ठेवायला लागला.

"फोन लाव क्रिस्टाला," तो म्हणाला. "सांग, येतो म्हणावं."

ट्वायलाला वाटलं होतं तो भांडेल, पाना आपटेल. त्याने अगदी हळू आवाजात हार मानली. फोन हातात घेऊन ती उभी राहिली आणि काहीतरी बोलायचं म्हणून बोलली, "मला एवढंच कळत नाही, ऑरिन. बिचारं रात्रभर चार्ज होत असतं. मी ऐकते ना. मग सकाळी रिकामं कसं?"

"काय ऐकतेस?"

"तेच, चार्ज होताना येतो तो आवाज. पंख्याची घूं घूं. माझ्या कपाटाखालून येते ती. आपण खांबावाल्या तळावर राहिलो, प्लग लावला की यायची, तीच."

ऑरिनने मान वर केली. "कपाटाखालून?"

"हो. मला तर ती ऐकली की छान झोप लागते. म्हटलं, चला, चार्जिंग चालू आहे, काळजी नाही."

"ट्वायला," ऑरिन म्हणाला, "नवीन चार्जर इथे आहे. ह्या डब्यात. गाडीच्या बाहेरच्या बाजूला. कपाटाखाली जुना चार्जर आहे."

"मग जुना चार्ज करत असेल."

"कशावर? इथे प्लग कुठाय? वाळवंटात कुठल्या खांबाची वीज घेऊन चार्ज करतोय तो?"

लॉनीने टोपी काढली. पहिली ट्यूब पेटली ती बर्नाडेटची. "अरे देवा! बॅटरीचीच!" ती ओरडली. "नवा इन्व्हर्टर बॅटरीतून वीज काढून घरभर देतो. घरात हा जुना चार्जर लावलेलाच आहे. तो बसलाय तीच वीज पिऊन तीच बॅटरी भरत!"

"म्हणजे विहिरीतलं पाणी उपसून विहिरीतच ओतायचं," लॉनी म्हणाला.

"तेही गळक्या बादलीने," ऑरिन म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "दिवसा सोलरने बॅटरी भरलेली असते, म्हणून हा झोपतो. रात्री बॅटरी जरा उतरली की हा उठतो. आणि मी कानातली यंत्रं काढून..."

ट्वायला मटकन पायरीवर बसली. रोज रात्री ती कान देऊन ऐकत होती. पलीकडे नवऱ्याचा श्वास त्या आवाजाने गिळायला घेतला होता, आणि इकडे ती त्याच आवाजाच्या भरवशावर डाराडूर! एकदा तरी सकाळी म्हणाली असती, काल रात्री घूं घूं छान चालली होती हं. पण जे ठीक चाललंय ते कोण बोलून दाखवतं?

"पण जुना काढला का नाहीस तू?" लॉनी आता सुटलाच. "नवा बसवला की जुना काढायचा, नाहीतर निदान त्याचा खटका तरी पाडायचा, हे माझ्या कुत्र्यालाही माहीत आहे! एवढा मोठा मेकॅनिक तू..."

"राहिला," ऑरिन तुटकपणे म्हणाला.

"राहिला कसा?"

"राहिला म्हणालो ना!"

बर्नाडेटने लॉनीच्या खुर्चीला पायाने ढोसलं. दोघं आपापल्या खुर्च्या मिटून गेली. लॉनीची सळई जमिनीतच राहिली.

ट्वायला आत आली. फ्यूजच्या पेटीत ऑरिनने बोट दाखवलं तो खटका तिनेच खाली पाडला. मग कंबरेवर हात ठेवून ती त्याच्यापुढे उभी राहिली. "राहिला नव्हता. तू बसमधला एक स्क्रू कधी विसरला नाहीस. मला खरं सांग."

ऑरिन पलंगाच्या कडेला बसला. "नव्याची ती काच बघून तू पहिल्या दिवशी काय म्हणालीस, आठवतं?"

"काय म्हणाले?"

"म्हणालीस, मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही, जुनाच बरा होता, प्लग लावला की गुणगुणायचा. म्हटलं, राहू दे तो. मी आहे तोवर नवा सांभाळीन. पण मी नसेन तेव्हा तू काय करशील? कुठल्या तरी तळावर जाशील, प्लग लावशील, हा गुणगुणेल आणि तुला कळेल की झालं, सगळं ठीक आहे. म्हणून नाही काढला. इन्व्हर्टर चालू असला की त्यालाही प्लग लावल्यासारखंच वाटणार, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही."

ट्वायलाला राग आला. असा राग आला की समोरची उशी उचलून तिने त्याला मारली, आणि मग त्याच्या शेजारी बसून मोठ्याने रडली. "मूर्ख माणसा! तू मेल्यावर मला झोप लागावी म्हणून जिवंतपणी मरायला निघालास? मला विचारायचं होतंस! मला नको ती झोप, मला तू हवा आहेस!"

"ओरडू नकोस, कानात यंत्रं आहेत," ऑरिन म्हणाला, आणि तोही रडायला लागला.

त्या रात्री कपाटाखालून काही आवाज आला नाही. ट्वायलाला त्या शांततेत डोळा लागेना. ती कूस बदलत राहिली, आणि कधीतरी थकून झोपली.

जाग आली तेव्हा ऊन पलंगावर आलं होतं. पलंगापाशी मशीन फस्-फस् करत चालूच होतं. ऑरिनची नखं गुलाबी होती. ती चुलीपाशी गेली, काचेवर वाकली. एक आकडा तिला कळला, दुसरा नाही, पण बॅटरीचं चित्र निम्म्याहून जास्त भरलेलं होतं. तिथेच ओट्याला धरून ती खाली बसली आणि तोंडावर हात दाबून हसली.

क्रिस्टाचा फोन आला. "मॉम, काय ठरलं?"

"तळघर भाड्याने दे," ट्वायला म्हणाली. "सावकाश सांगते. आत्ता कामात आहे."

ती खरंच कामात होती. कपाटातले कपडे पलंगावर, खालची फळी उघडी, आणि ती स्क्रू ड्रायव्हर घेऊन गुडघ्यांवर. ऑरिन धडपडत उठला. "अगं, खटका पाडलाय ना, राहू दे की! कधी लागला तर..."

"नाही लागणार. हा जाणार. आणि तू हात लावायचा नाहीस, तिथे बस."

तो काहीतरी पुटपुटला. ती उठली, डबी उघडली आणि दोन्ही यंत्रं एकेक करून त्याच्या कानांत नीट बसवली. मग त्याला हाताला धरून चुलीपाशी नेलं आणि काचेवर बोट ठेवलं.

"आधी हे. पहिल्यापासून सांग, आणि घाई करायची नाही. हा आकडा कशाचा?"