मी भिंतीपासून सुटलो

बेडच बोलतोय. केडगावात स्टेशनाजवळ सीमाताईंचा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे ना, तिथला लाकडी बेड. ऐकायचं तर नीट ऐका, मला दोनदा सांगायची सवय नाही.

तात्याबा सुतारानं मला बाभळीच्या लाकडात घडवलं. अंगानं दणकट, तोंडानं फटकळ, तोही आणि मीही. वर रेक्झिनची गादी आली आणि डोक्याकडून मला भिंतीला चिकटवून टाकलं. तेव्हापासून गुडघेवाले, कंबरवाले, खांदेवाले येतात आणि कण्हत माझ्यावर पडतात. माणसांची एक खोड सांगतो. व्यायाम करा म्हटलं की तोंड वाकडं, मशिन लावली की खूश. गुरगुर आवाज आला म्हंजी गुण आला!

वडगाव रासाईच्या झुंबरबाई मानेला पट्टा लावून आल्या. आडवं झालं, कूस बदलली, की घर गरगर फिरायचं. दिवाळीपासून बाई भिंतीला टेकून, बसूनच झोपत होत्या. जेवण तुटलं, डोळे आत गेले. जो तो सांगे, "मानंत गॅप हाय." ताईही मान शेकत होत्या. फरक काही नव्हता.

ताई रिकाम्या वेळी माझ्यावर बसून मोबाईल चाळायच्या. पुढं शिकायचं तर कुठं? दोन वर्षांची मोठी डिग्री होती, पण दवाखाना बंद ठेवावा लागणार. ऑनलाइन होतं, पण ते नुसतं बघायचं. हात धरून कोण दाखवणार? शेवटी पुण्यातला चक्कर येण्यावरचा शनिवार-रविवारचा कोर्स ठरला.

झुंबरबाईंचे मालक सर्जेराव दारातच म्हणाले, "ताई, अजून शिकताय? मंग आत्तापर्यंत आमच्यावर काय चाललं व्हतं?"

"जे येत होतं ते, मामा. जे येत नाही ते आता शिकून येते."

मला पाय असून लाथ मारता येत नाही, ही पंचाईत. ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग वेळेवर करतो, आणि डॉक्टरीण शिकायला निघाली की याला शंका!

सोमवारी ताई पळतच आल्या. पिशवी टाकली आणि मला धरून ओढलं ते थेट खोलीच्या मधोमध! अहो, जन्मात भिंत सोडली नव्हती मी. चारी बाजूंनी वारं लागलं.

"पेशंटचं डोकं काठाबाहेर गेलं पाहिजे," ताई म्हणाल्या. घ्या! इतकी वर्षं भिंतच आडवी येत होती.

झुंबरबाई काही टेकेनात. "मारतीस का काय मला?"

"मी धरलंय, मामी. डोळे मिटू नका."

डोकं एका बाजूला वळवून ताईंनी त्यांना झटक्यात आडवं केलं. बाईंनी माझ्या कडा अशा आवळल्या की लाकूड करकरलं. त्यांची बुबुळं टकाटका नाचायला लागली. त्या भीतीनं ओरडतायत आणि ताई आनंदानं. "दिसलं! मान नाही मामी, कान! कानातले बारीक खडे जागा सोडून सरकलेत."

"कानात खडे घालाया मी काय ल्हान पोर हाय व्हय गं?"

"आतलेच असतात ते. आता त्यांना घरी पाठवू."

मग डोकं हळूहळू दुसरीकडं, मग कुशीवर, मग बसतं केलं. संपलं.

"एवढंच? मशिन न्हाई लावायची?" सर्जेराव.

"गप बसा हो!" झुंबरबाई.

थोडं थांबून ताई म्हणाल्या, "आता परत आडव्या व्हा." सर्जेरावांनी टोपी काढून हातात धरली. बाई टेकल्या. वर बघितलं. बघतच राहिल्या.

"अगं बया... छप्पर थांबलंया."

ताईंनी टाळ्याच वाजवल्या. मी खरं सांगतो, मला नाचता येत असतं तर एक पाय मोडला असता.

"उठा मामी, झालं."

"थांब गं. पाठ टेकलीया, टेकू दे."

आणि बाई घोरायला लागल्या.

तर मंडळी, तुम्ही बाहेर खोळंबलाय, मला माहीत आहे. ताई आतापासूनच लकव्याचा कोर्स शोधतायत. त्या गेल्या तर कुरकुर करू नका. आणि आत्ता चपला फरफटवू नका, दार आपटू नका. बाई झोपलीय, आडवी.