दोनदा शिवलेला फर्मा

मित्रांनो, मी एक जुना कथासंग्रह आहे आणि आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. तशी माझ्या पोटात शूरांची काय कमी? आगीत शिरून पिल्लांना बाहेर काढणारी मांजरी आहे. धनी गेल्यावरही त्याचे अंगण न सोडणारा कुत्रा आहे. शेवटच्या गोष्टीत तर क्षमा मागायला परत आलेला भाऊ आहे. एवढी मोठी माणसे नि जनावरे पोटात बाळगून मी स्वतः मात्र पक्का भागूबाई! कपाट नुसते करकरले तरी माझी पाने थरथरतात.

ही भीती जन्मापासूनची. दोन भावांचे बाइंडिंगचे दुकान होते, तिथे मी तयार झालो. छापून घडी घातलेल्या कागदांच्या जुडीला फर्मा म्हणतात. धाकटा भाऊ फर्मे क्रमाने उचलून पुस्तक जुळवायचा आणि थोरला ते सुईदोऱ्याने शिवायचा. प्रत्येक फर्म्याच्या तळाशी बारीक आकडा असतो. तो बघून फर्मा उचलायचा आणि तो बघूनच टाका घालायचा, असा थोरल्याचा दंडक होता.

माझी पाळी आली तेव्हा थोरला धाकट्याला फैलावर घेत होता. खळीचा डबा उघडा राहिला, एवढेच कारण. बोलणी खाता खाता धाकट्याने आठवा फर्मा दोनदा उचलला आणि शेवटचा, नववा राहून गेला. थोरल्याच्या तोंडाचा पट्टा चालूच होता. त्यानेही आकडा न बघता मला शिवून टाकले. चूक मला कळत होती, पण सांगणार कसा? तेवढ्यात मला कटिंग मशीनखाली सरकवले. वरून पाते उतरताना पाहिले आणि माझी बोबडीच वळली.

चूक एकट्या माझ्यात नव्हती. बोलणी दिवसभर चालली आणि त्या दिवशीच्या पुष्कळ प्रती तशाच निघाल्या. पुढचे मी फार मागाहून ऐकले: प्रकाशक तणतणत दुकानात आला, तेव्हा थोरल्याने भावाकडे बोट दाखवले. "जुळणी याची. मला काय विचारता?"

धाकट्याने एकदाच वर पाहिले. अंगावरचा एप्रन काढून खुंटीला लावला आणि तो निघून गेला. पुन्हा त्या दुकानाची पायरी तो चढला नाही. बिघडलेल्या प्रती रद्दीत गेल्या. माझा गठ्ठा मुलांच्या वाचनालयात आधीच पोहोचला होता, म्हणून मी वाचलो.

वाचनालयात माझी चलती होती. पण शेवटच्या गोष्टीशी आली की मुले अडायची. त्या गोष्टीत धाकटा भाऊ थोरल्याची होडी न विचारता नेतो आणि बुडवतो. तोंड कसे दाखवायचे म्हणून पळून जातो. कितीतरी वर्षांनी परत येऊन दार ठोठावतो. थोरला दिवा घेऊन उठतो, कडीला हात लावतो... आणि पान उलटले की आठवा फर्मा पुन्हा सुरू! होडी पुन्हा किनाऱ्यावरून सुटते, पुन्हा बुडते.

"बाई, त्यानं कडी काढली का?" मुले विचारायची.

"तुम्हांला काय वाटतं?" ग्रंथपाल बाई हसून म्हणायच्या.

बहुतेक मुले कडी काढायची. एक मुलगी मात्र म्हणाली, "मी नसती काढली. होडी माझी होती." नवव्या फर्म्यात तसेच लिहिले असेल तर? आपल्याच गोष्टीचा शेवट आपल्याला ठाऊक नसावा, याहून वाईट भीती मला माहीत नाही.

पुढे माझी पाठ उसवली, पाने निसटू लागली. नवी चकचकीत पुस्तके आली आणि मी खालच्या फळीवर धूळ खात पडलो. एके दिवशी कपाटे आवरायला काढली. माझे शेजारी भराभर पोत्यात गेले. रद्दीतल्या कागदाचा भिजवून लगदा करतात, हे मी ऐकून होतो. बाईंनी मला हातात धरले आणि म्हणाल्या, "याला बाइंडरकाकांना दाखवते. पुरं झालं तर ठेवू, नाहीतर तेही पोत्यात."

त्याच दुकानात मी परत आलो. थोरला आता म्हातारा झाला होता आणि एकटाच होता. त्याने माझे टाके कापले, फर्मे सुटे केले. आठव्याखाली पुन्हा आठवा बघून त्याचा हात थांबला. मग मला कागदात गुंडाळून तो निघाला.

धाकट्याचा पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना होता. तो पुठ्ठा कापत होता. भावाला पाहूनही तो जागचा उठला नाही.

"नववा फर्मा असेल का रे तुझ्याकडे?" थोरल्याने विचारले.

"त्यासाठी आलास?"

"नाही." थोरल्याने मला गुंडाळलेला कागद सोडला. माझी सुटी पाने टेबलावर पडली होती आणि शेजारीच कात्रणांचा ढीग होता. धाकटा नुसता झिडकारून बोलला असता, तरी मी त्या ढिगात गेलो असतो. "सुई माझ्या हातात होती," थोरला म्हणाला. "आकडा मीही बघितला नव्हता. तिथंच सांगायला हवं होतं. दुकान बुडेल म्हणून भ्यालो."

"मी वाट बघितली, दादा. खूप दिवस."

"मला वाटलं, तू तोंडावर दार लावशील."

"लावलंही असतं," धाकटा म्हणाला.

मग धाकट्याने हात पुसले, मला जवळ ओढले आणि एकेका आकड्यावर अंगठा ठेवत फर्मे जुळवू लागला. "नववा नाही माझ्याकडे. हा दुसरा आठवा काढून टाकू?"

"राहू दे. चूक झाली होती, हे दिसू दे."

"मग शीव. पण आकडा बघून."

थोरल्याला सुईत दोरा ओवता येईना. धाकट्याने सुई घेतली आणि ओवून दिली.

दोघे मिळून मला वाचनालयात घेऊन आले. बाईंनी शेवट उघडून पाहिला. "काका, हे पुरं कुठं झालंय?"

संपले, मी मनात म्हटले. आता पोते.

"नाही झालं," थोरला म्हणाला. भोवती मुले होती, तरी त्याने आवाज खाली आणला नाही. "चूक माझी होती, बाई. माझ्या भावाची नव्हे."

बाईंनी दोघांकडे पाहिले आणि मला वरच्या फळीवर ठेवले.

मित्रांनो, माझी पाने मुडपू नका, थुंकी लावून उलटू नका, एवढे तर मी मागणारच. पण आणखी एक मागतो. गोष्टीतल्या त्या दारापाशी आलात की बाहेर उभा असलेला किती भ्याला आहे, हे तुम्हांला लगेच कळेल. आत कडीला हात लावून उभा असलेलाही तेवढाच भ्यालेला असतो, हे मात्र कोणी सांगत नाही. माझ्यात पुढचे पान नाही. कडी तुम्हांलाच काढावी लागेल.