एकशे एकाहत्तर चेंडू

ओर्विल टॅकेट दिवसातून एकदा तरी आपल्या एकशे एकाहत्तर चेंडूंचा विषय काढायचाच. पंचेचाळीस वर्षांपूर्वी, ओहायोतल्या याच मैदानावर, त्याने बेसबॉलच्या एका सामन्यात एवढे चेंडू फेकले होते. बरोबरीमुळे नवाचे तेरा झालेले डाव, एकट्याने. आता तो इथल्या पिचरांचा, म्हणजे चेंडू फेकणाऱ्यांचा, कोच होता, आणि पंच्याण्णव चेंडू झाले की पिचरला बाहेर काढायचं हा नियम त्याच्या डोक्यात जायचा. "हल्लीची पोरं काचेची," तो म्हणायचा. "जरा खुट्ट झालं की बर्फाची पिशवी."

त्या रविवारी दुपारी केडन रस्कने सात डाव फेकले आणि समोरच्या एकालाही धड फटका मारता आला नाही. सामन्याचे उरलेले दोन डाव असेच गेले की जन्मभर सांगायची कमाई. शिवाय खेळाडू हेरायला आलेला वरच्या संघाचा माणूस वही घेऊन प्रेक्षकांत बसलेला. असं काही चाललेलं असताना पिचरशी कोणी चकार शब्द बोलत नाही, नाहीतर सगळं फिसकटतं म्हणे. सगळा संघ बाकाच्या एका टोकाला दाटीवाटीने बसला होता आणि दुसऱ्या टोकाला केडन एकटा, वाळीत टाकल्यासारखा.

"एकशे दोन झाले, नियमाच्या वर सात," मॅनेजर प्रेबल म्हणाला. "तूच ठरव बाबा. नियम तुलाच बोचतो ना?"

एरवी ओर्विलने खुशाल पुढे खेळू दिलं असतं. पण केडनने पाण्याचा पेला डाव्या हाताने उचलला. चेंडू फेकायच्या उजव्या हाताची करंगळी तो मांडीवर घासत होता, सारखी.

 त्या एकशे एकाहत्तर चेंडूंच्या सामन्याच्या दुसऱ्या सकाळी ओर्विलच्या शर्टाची बटणं बायकोने लावली होती. त्यानंतर त्याने एकही चेंडू फेकला नाही. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान बघायचंय असं त्याने गावात सांगितलं. गावाने ते मानलं, आणि हळूहळू त्याने स्वतःही.

तो उठला आणि सरळ केडनच्या शेजारी जाऊन बसला. मागून कोणीतरी शिवी हासडली.

"करंगळी बधिर झालीय?"

"कोच, जा ना इथून. प्लीज."

"कोपरापर्यंत?"

केडन मैदानाकडे बघत राहिला. "तुम्ही एकशे एकाहत्तर टाकले होते," तो म्हणाला.

"तो माझा शेवटचा सामना होता. दुकानबिकान सगळी थाप. हात गेला होता माझा."

आपण हे मोठ्याने बोललो याचं ओर्विललाच नवल वाटलं. मग त्याने प्रेबलकडे बघून नकारार्थी मान हलवली.

नव्या पिचरच्या तिसऱ्याच चेंडूवर फटका बसला. प्रेक्षकांनी ओर्विलच्या नावाने शिमगा केला. वरच्या संघाचा माणूस वही मिटून गाडीकडे निघाला.

सामना संपल्यावर खोलीत दोघंच उरले. केडनचं कोपर बर्फाच्या बादलीत होतं. डॉक्टरने दाबून बघितलं होतं आणि फार काही न बोलता उद्याच फोटो काढायला सांगितलं होतं. ओर्विल बाक ओढून समोर बसला.

"कधीपासून दुखतंय?"

"जूनपासून."

ऑगस्ट संपत आला होता.

"दोन-तीन महिने? अरे, मग सांगायचंस ना कोणाला तरी."

केडनने पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट बघितलं. आवाजात राग नव्हता.

"कोणाला, कोच? तुम्हाला?"